खासदारांचे दप्तर कसे वाचावे : वालूरच्या मतदारांसाठी

ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाची विचारपूस करण्याची सवय आपल्या खेड्यांना आता लागली आहे. एखाद्या नालीच्या देयकावरून ग्रामसभेत तास-दोन तास वाद होतो, आणि तो व्हावा हे उचितच आहे. परंतु ज्या सभागृहाच्या संमतीवाचून केंद्र सरकारला एक रुपयाही खर्ची घालता येत नाही आणि एक कलमही कायद्यात घालता येत नाही, त्या सभागृहात आपण पाच वर्षांच्या मुदतीने पाठविलेल्या सदस्याच्या कामाची चौकशी मात्र सभामंडप, हायमास्ट दिवा आणि लग्नकार्यातील उपस्थिती यांच्यापलीकडे क्वचितच जाते. कायदे करणे, शासनास जाब विचारणे आणि सार्वजनिक द्रव्याच्या विनियोगास मान्यता देणे किंवा नाकारणे, ही संसद सदस्याची मूळ कर्तव्ये होत. आणि या तिन्ही कर्तव्यांची नोंद दिवसवार, शब्दशः ठेवली जाते, ती छापली जाते, व कोणाही नागरिकास फुकट पाहावयास मिळते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आपल्या मुलखात कायदा करणाऱ्यास कायद्याबद्दल जाब विचारण्याचा हक्क सामान्य रयतेच्या हाती नव्हता, हे ज्या घरांतील वृद्धांना अद्याप स्मरते, त्या घरांतील तरुणांनी तरी ही उघडी दप्तरे बंद असल्यासारखी वागवू नयेत, एवढ्या आस्थेने हा लेख लिहीत आहे.

प्रथम आपला प्रतिनिधी कोणता आणि त्याचा अधिकार कोठवर, याची रुजुवात करून घ्यावी. वालूर हे सेलू तालुक्यातील गाव जिंतूर विधानसभा मतदारसंघात आणि परभणी लोकसभा मतदारसंघात येते. हा लोकसभा मतदारसंघ एका जिल्ह्यापुरता नाही. परभणी जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी यांच्याबरोबर जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी हेही त्यात समाविष्ट आहेत. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही निवडणुकांत येथून श्री. संजय जाधव निवडून आले. म्हणजे सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या अशा तीन लोकसभांची नोंद आपल्यापुढे आहे, आणि ती एकत्र न करता मुदतवार वेगळी वाचावी. कारण पहिल्या मुदतीत त्यांचा पक्ष केंद्रातील सत्ताधारी आघाडीत होता आणि आज तो विरोधी बाकांवर आहे, व या दोन स्थानांवरून विचारावयाच्या प्रश्नांचे स्वरूप निसर्गतःच भिन्न असते. राज्यसभेतील महाराष्ट्राचे १९ सदस्यही आपलेच प्रतिनिधी आहेत, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. आपल्या मागणीस लोकसभेत वाट मिळत नसेल तर त्यांचेही दार ठोठावता येते.

अधिकाराची मर्यादा ओळखल्यावाचून विचारलेला जाब वाया जातो. निम्न दुधनेच्या कालव्यास पाणी केव्हा सुटावे, सातबाऱ्यावरील फेरफार का अडला, तहसिलीत दाखला का मिळत नाही, हे प्रश्न राज्याच्या कारभारातील असून त्यांचे उत्तर मुंबईस किंवा परभणीस मागावयाचे आहे. सेलू स्थानकावरून जाणारा लोहमार्ग, टपाल कचेरी, राष्ट्रीय महामार्ग, हमीभावाची घोषणा, कापसाची व तेलबियांची आयात-निर्यात, हे विषय मात्र केंद्राचे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या लोहमार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ साली मंजुरी दिली. तेव्हा सेलू ज्या मार्गावर वसले आहे त्याच्या कामाचे टप्पे, भूसंपादन आणि वर्षवार तरतूद यांविषयी आपल्या सदस्याने लोकसभेत काय विचारले व काय उत्तर मिळविले, हे पाहणे सर्वस्वी न्याय्य आहे. कालव्याच्या पाण्यावरून खासदारास दोष देणारा आणि रेल्वेवरून आमदारास दोष देणारा मतदार दोघांनाही सुटकेची वाट करून देतो.

आता दप्तराकडे वळू. संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याच्या नावापुढे त्याने विचारलेले प्रश्न, केलेली भाषणे आणि मांडलेली विधेयके यांची यादी असते. २००५ साली स्थापन झालेली पीआरएस ही संस्था याच मूळ नोंदींवरून हजेरी, प्रश्न, चर्चा आणि अशासकीय विधेयके यांचे आकडे संकलित करून राज्याच्या व देशाच्या सरासरीशेजारी मांडते. आरंभ आकड्यांपासून करावा, पण तेथे थांबू नये. उदाहरणार्थ हजेरी. सदस्याने नोंदवहीत स्वाक्षरी केल्याखेरीज त्यास दैनिक भत्ता मिळत नाही, या नियमामुळे हजेरीची नोंद होऊ लागली. सदस्य सभागृहात किती वेळ बसला आणि त्याने काय ऐकले हे तीवरून कळत नाही. शिवाय मंत्री त्या वहीत स्वाक्षरी करीतच नाहीत आणि प्रश्नही विचारीत नाहीत, म्हणून एखाद्या मंत्र्याची हजेरी रिकामी दिसली तर त्यावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परवानगीवाचून सलग साठ दिवस अनुपस्थित राहिलेल्या सदस्याची जागा रिक्त झाल्याचे सभागृहास घोषित करता येते, असे घटनेच्या १०१व्या अनुच्छेदात आहे. हजेरीचा खरा कायदेशीर अर्थ एवढाच. ती अत्यल्प असल्यास कारण अवश्य विचारावे, पण ती उत्तम आहे म्हणून संतुष्ट होऊ नये.

प्रश्नांचेही तसेच आहे. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितास मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितास लेखी उत्तर मिळते. सदस्याने पाठविलेल्या सूचनांपैकी कोणती लागावी हे सोडतीवर अवलंबून असल्याने तारांकित प्रश्न थोडे दिसले तर तो सर्वथा त्याचा दोष नव्हे. प्रश्नांच्या संख्येवर फार विसंबू नये, याचे एक गंभीर कारण आपल्या संसदीय इतिहासातच आहे : डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणी ११ सदस्यांना संसदेतून बडतर्फ करण्यात आले, आणि त्यांत आपल्या खानदेशातील दोन मतदारसंघांचे प्रतिनिधीही होते. १९५१ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याच्याही आधी, मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेसाठी द्रव्य घेऊन सभागृहात काम केल्याच्या आरोपावरून तत्कालीन सदस्य एच. जी. मुदगल यांच्या चौकशीस स्वतः पंतप्रधानांनी चालना दिली होती. म्हणून प्रश्न किती, यापेक्षा प्रश्न कोणाच्या हिताचा, हे शोधावे. ज्या सदस्याच्या मतदारसंघात कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर घरे चालतात, त्याच्या प्रश्नांत या तिघांचा उल्लेख किती वेळा आला. आणि ज्या उद्योगाशी मतदारसंघाचा काही संबंध नाही त्याचा आला असल्यास का आला. एवढी छाननी कोणीही साक्षर माणूस दोन संध्याकाळी बसून करू शकेल.

उत्तरापर्यंत वाचण्याचा कंटाळा करू नये. मंत्री पुष्कळदा माहिती गोळा केली जात आहे, किंवा विषय विचाराधीन आहे, असे उत्तर देतात. असे शब्द आश्वासन मानले जातात आणि शासकीय आश्वासनांची समिती त्यांचा पाठपुरावा करते. आश्वासन साधारणतः तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे. आपल्या सदस्याच्या प्रश्नास असे उत्तर मिळाले असेल, तर पुढील अधिवेशनात त्याने तोच विषय पुन्हा धरला की सोडून दिला, ही त्याच्या चिकाटीची खरी कसोटी होय. माझ्या मते एका विषयावर ओळीने चार अधिवेशने विचारलेले चार प्रश्न हे चाळीस विखुरलेल्या प्रश्नांहून अधिक मोलाचे असतात.

यानंतर विधेयके, आणि येथे वाचकांनी थोडा अधिक वेळ द्यावा, कारण सदस्याच्या मनात देशाचे कोणते चित्र आहे हे त्याने स्वतः मांडलेल्या विधेयकाइतके दुसरीकडे कोठेही दिसत नाही. जो सदस्य मंत्री नाही त्याने मांडलेल्या विधेयकास अशासकीय किंवा खासगी सदस्याचे विधेयक म्हणतात. त्याची सूचना सामान्यतः एक महिना आधी द्यावी लागते, त्यासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडावे लागते, खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापन द्यावे लागते आणि संचित निधीतून खर्च करावा लागणाऱ्या विधेयकावर पुढे विचार होण्यासाठी राष्ट्रपतींची शिफारस लागते. लोकसभेत शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजास राखलेले असतात, व त्यातही एका शुक्रवारी विधेयके तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव येतात. विधेयक मांडले जाणे सोपे. त्यावर चर्चा होण्यास सोडतीत नाव निघावे लागते. आणि ते संमत होणे तर इतके दुर्मीळ की स्वातंत्र्यानंतर आजवर दोन्ही सभागृहांतून पार पडून कायदा झालेली अशी विधेयके अवघी १४ आहेत. त्यांतील पहिले सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांचे वक्फविषयक विधेयक, जे १९५४ साली कायदा झाले. शेवटचे आनंद नारायण मुल्ला यांचे, सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांच्या अधिकारासंबंधीचे, जे १९७० साली झाले. मध्यंतरी फिरोज गांधी यांनी संसदेतील कामकाजाचा वृत्तान्त छापणाऱ्यांस संरक्षण देणारा कायदा १९५६ मध्ये करवून घेतला. आणि त्याच साली डॉ. रघुवीर सिंह यांचे प्राचीन वास्तूंविषयक दुरुस्ती विधेयकही कायदा झाले. चक्राकार बारवेसारखी वास्तू ज्या गावाच्या कुशीत आहे त्या वालूरकरांना जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा प्रश्न एका साध्या सदस्याच्या विधेयकातूनही पुढे जाऊ शकतो, हे कळावे म्हणून त्याचा मुद्दाम निर्देश केला.

१९७० नंतर एकही नाही, हे वाचून कोणी म्हणेल की मग या खटाटोपाचा उपयोग काय. या शंकेचे उत्तर आपल्या कोकणच्या एका खासदाराच्या चरित्रात आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. बॅरिस्टर नाथ पै हे प्रजासमाजवादी पक्षाचे; १९५७, १९६२ आणि १९६७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने गोलकनाथ खटल्यात, सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने, संसदेस मूलभूत हक्क संकुचित करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. जमीनसुधारणांचे कायदे ज्या पायावर उभे होते तो पाया या निर्णयाने हादरला, आणि घटनेत बदल करण्याचा अंतिम अधिकार जनतेने निवडलेल्या सभागृहाचा की न्यायपीठाचा, हा मूलगामी प्रश्न उभा राहिला. सरकारने काही करण्याची वाट न पाहता विरोधी बाकांवरील या सदस्याने एप्रिल १९६७ मध्ये, निकालास दीड महिनाही उलटला नसताना, संसदेस घटनेच्या कोणत्याही भागाची दुरुस्ती करता येते हे स्पष्ट करणारे विधेयक लोकसभेत मांडले. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. त्यावर देशभर घटनापंडितांनी मते मांडली. ज्यांना संसदेचे सार्वभौमत्व हवे होते ते त्याच्या बाजूस आणि ज्यांना नागरिकांच्या हक्कांची चिंता वाटत होती ते विरोधात उभे राहिले, व दोन्ही पक्षांकडे आदरणीय माणसे होती. घटनादुरुस्तीचे विधेयक असल्याने त्यास विशेष बहुमत हवे होते. ते मिळण्यापूर्वीच २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७१ मध्ये, नाथ पै बेळगावी निवर्तले.

आकड्यांच्या कोष्टकात या विधेयकापुढे संमत झाले नाही एवढीच नोंद पडेल. परंतु त्याच वर्षी नव्या लोकसभेत सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, ५ नोव्हेंबर १९७१ रोजी ती अमलात आली, आणि तिचा गाभा नाथ पै यांनी चार वर्षे आधी मांडलेला तोच होता. पुढे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली, व त्याचबरोबर घटनेची मूलभूत चौकट संसदेसही मोडता येणार नाही अशी मर्यादा घालून दिली; म्हणजे विधेयकाच्या समर्थकांचे म्हणणे आणि त्याच्या विरोधकांची भीती, या दोहोंनाही अखेरीस घटनेच्या अर्थात स्थान मिळाले. त्या विधेयकाचा मसुदा जसा विचारपूर्वक केलेला होता तशीच त्यावरील चर्चाही मनःपूर्वक झाली, म्हणूनच हे घडू शकले. अलीकडचा असाच दाखला तमिळनाडूचे राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांचा : तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे त्यांचे विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने संमत केले, लोकसभेत ते पुढे गेले नाही, पण सरकारला त्या विषयावर स्वतःचा कायदा करावा लागला आणि तो २०१९ मध्ये झाला.

वालूरच्या शेतकऱ्याच्या हिताशी याहून निकटचा संबंध असलेले उदाहरण हातकणंगल्याचे. तेथील तत्कालीन खासदार राजू शेट्टी यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत दोन विधेयके मांडली : एक शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचे आणि दुसरे शेतमालास किफायतशीर हमीभाव मिळण्याच्या हक्काचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत शेतकरी संघटनांनी भरविलेल्या किसान मुक्ती संसदेतील मसुद्यांवर ती आधारलेली होती. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, परंतु त्या भावाने खरेदी झालीच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. आणि ज्या शेतकऱ्याने मोंढ्यात त्याहून कमी दराने कापूस विकला, त्याला न्यायालयात जाण्याचा हक्क नाही. तो हक्क निर्माण करावा हा दुसऱ्या विधेयकाचा हेतू. मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तीही व्यपगत झाली, आणि शेट्टी स्वतः त्या निवडणुकीत पराभूत झाले. तरीही कायदेशीर हमीभावाची मागणी २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात पुढे आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने अशा कायदेशीर हमीची शिफारस केली. अर्थात या मागणीस अर्थशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, ते वाचकांनी अवश्य समजून घ्यावेत. पण आपल्या खासदाराचे त्या मागणीवर मत काय आणि ते त्याने सभागृहात नोंदविले आहे की नाही, हे विचारण्यास कापूस पिकविणाऱ्या गावाने संकोच करू नये.

तेव्हा कोणत्याही खासदाराचे विधेयक हाती घेतले की त्याचे नाव वाचून थांबू नये. प्रथम उद्देश व कारणे यांचे निवेदन वाचावे. ते बहुधा एक-दोन पानांचे असते, आणि विषयाचा अभ्यास झाला आहे की नुसती घोषणा आहे हे त्यातच कळते. मग कलमे पाहावीत : अंमल कोणी करावयाचा, दंड कोणास, पैसा कोठून, याचे उत्तर मसुद्यात नसेल तर त्याची तयारी अपुरी आहे असे समजावे. ते केवळ मांडले गेले, की चर्चेस आले, की मंत्र्याच्या विनंतीवरून मागे घेतले, हे तपासावे. मागे घेतले असल्यास मंत्र्याने त्या वेळी काय कबूल केले ते वृत्तान्तातून शब्दशः उतरवून घ्यावे. व्यपगत झालेले विधेयक पुढच्या लोकसभेत पुन्हा मांडले का, हेही पाहावे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचे कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाच्या दूरध्वनीस उत्तर न देण्याच्या हक्काचे विधेयक २०१८ चे होते आणि २०२५ मध्ये त्यांनी तो विषय पुन्हा सभागृहात आणला; त्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, अशी पुनरुक्ती निष्ठेची खूण असते. ज्या सदस्याच्या नावावर एकही विधेयक नाही त्यास मात्र तेवढ्यावरून नाकर्ता ठरवू नये. समितीत बसून सरकारी विधेयकातील एखादे कलम सुधारून घेणारा सदस्य देशाचे तितकेच हित साधतो, आणि त्याचा ठसा समितीच्या अहवालातील सुधारणांत व भिन्नमतपत्रिकांत सापडतो.

मतदानाच्या नोंदीविषयी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, म्हणून कोणी होकार दिला व कोणी नकार, हे नाववार कोठेही लिहिले जात नाही. मतविभागणी मागितली गेली तरच नोंद राहते, आणि तेव्हाही १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. यामुळे आपल्या सदस्याचे मन मतांपेक्षा भाषणांत आणि त्याने सुचविलेल्या दुरुस्त्यांत शोधावे. भाषण तो मराठीतही करू शकतो. त्याचा तत्काळ अनुवाद करण्याची सोय लोकसभेत आहे. आपल्या शेतकऱ्याचे दुःख आपल्याच भाषेत मांडले जावे, अशी विनंती करण्यास हरकत नाही.

खासदार निधीविषयी लोक इतके बोलतात की येथे थोडक्यात आटोपतो. डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आज प्रत्येक सदस्यास वर्षास पाच कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. मंजुरी व खर्च जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत होतो. कामांची यादी योजनेच्या संकेतस्थळावर असते, आणि एखाद्या कामाचे देयक किंवा पूर्णत्वाचा दाखला हवा असल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. याहून महत्त्वाची, पण कमी माहीत असलेली, म्हणजे जिल्ह्याची दिशा समिती : केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या या समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते व तिची बैठक दर तिमाहीस व्हावी अशी अपेक्षा आहे. ती वर्षात किती वेळा झाली आणि इतिवृत्तात काय लिहिले, हे मागून पाहावे.

वाचनानंतर कृती. गावातील वाचनालयात किंवा शाळेत चार-पाच जणांनी एक नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, प्रश्नाचा किंवा विधेयकाचा विषय, उत्तराचा सारांश आणि पुढे काय झाले, असे रकाने असावेत. संसदेची अधिवेशने बहुधा तीन : जानेवारीअखेरीस सुरू होणारे अर्थसंकल्पीय, जुलैच्या सुमाराचे पावसाळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरचे हिवाळी. प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागत असल्याने गावाचे पत्र खासदाराच्या कार्यालयात अधिवेशनाच्या महिनाभर तरी आधी पोचले पाहिजे, आणि त्याची पोच घेतली पाहिजे. पत्रात गाऱ्हाण्यांची माळ नको. एक विषय, एक मंत्रालय, आणि ज्यांचे उत्तर आकड्यांत द्यावेच लागेल असे उपप्रश्न असावेत. कापसाचेच उदाहरण घेऊ. भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआयची) खरेदी कृषी मंत्रालयाकडे नसून वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे आहे, म्हणून पत्र असे लिहावे : चालू हंगामात परभणी जिल्ह्यात कोणकोणत्या ठिकाणी खरेदी केंद्रे उघडली व प्रत्येक केंद्र कोणत्या दिनांकास सुरू झाले, प्रत्येक केंद्रावर आजवर किती क्विंटल खरेदी झाली, किती शेतकऱ्यांचा माल कोणत्या कारणाने नाकारला, आणि चुकारे सरासरी किती दिवसांत मिळाले. असा प्रश्न सदस्याच्या हाती तयार पडला तर त्याच्या सचिवास तो पाठविणे सोपे जाते, आणि उत्तर आले की सेलूच्या बाजारपेठेतील स्थितीशी ते ताडून पाहता येते. जेथे उत्तर आणि वस्तुस्थिती यांत तफावत आढळेल, तेथे पावत्यांच्या नकला जोडून दुसरे पत्र धाडावे. विषय व्यापक असल्यास लोकसभेकडे याचिका सादर करण्याचाही मार्ग आहे. मात्र तीवर एखाद्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

सदस्यास भेटावयास जाताना ही वही बरोबर न्यावी आणि जे चांगले आढळले ते आधी वाचून दाखवावे. त्याने विचारलेला एखादा प्रश्न गावाने वाचला आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न तो अधिक काळजीने तयार करील, असा माझा विश्वास आहे. कोणी वाचीतच नाही या समजुतीने कित्येक चांगल्या सदस्यांचा उत्साह मावळत असेल.

अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ रोजी भरली. तिची मुदत पाच वर्षांची. आणि घटनेच्या १०७व्या अनुच्छेदाप्रमाणे ती विसर्जित होताच तिच्यापुढे प्रलंबित असलेली सर्व विधेयके व्यपगत होतील. राज्यसभेत मांडलेली आणि लोकसभेकडे अद्याप न गेलेली तेवढी जिवंत राहतील. म्हणून २०२८ च्या हिवाळी अधिवेशनापूर्वी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर एक स्वतंत्र फर्द करावी : आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेली कोणती विधेयके लोकसभेत पडून आहेत, ती कोणी मांडली, आणि शेती, रेल्वे व शिक्षण यांविषयी कोणती आश्वासने अपुरी आहेत. २०२९ च्या निवडणुकीत जे जे उमेदवार वालूरच्या पारावर मते मागावयास येतील, त्यांच्या हाती त्या फर्दीची एकेक नक्कल द्यावी, आणि निवडून आल्यास यांपैकी कोणते विधेयक पुन्हा मांडणार, हे त्यांच्याकडून त्यावरच लिहून घ्यावे.